आधी दार, मग भिंती

आमच्या मेथडिस्ट मंडळीच्या एकांतशिबिराच्या फाटकातून आत गेलं की पहिली कोनशिला लागते. तिच्यामागे इमारत नाही, झुडूप आहे. थोडं वर चढलं की दुसरी लागते. तिच्यामागे भिंत आहे, पण ती भिंत हातभर लांबून वळसा घेऊन जाते, रस्त्यात झोपलेल्या कुत्र्याला गाडीवाला वळसा घालतो तशी. तिसरी बायकांच्या न्हाणीघराच्या दारातच आहे. त्यामुळे ते दार अर्धंच उघडतं आणि अंगानं भरलेल्या बायकांना आडवं होऊन आत शिरावं लागतं. तिन्ही दगडांवर तीन पाळकांची नावं सोनेरी अक्षरांत कोरलेली आहेत.

ज्या बाईच्या जमिनीवर हे सगळं उभं आहे, तिचं नाव कुठेच नाही. ती माझी मावशी, आईची थोरली बहीण. नाव नाही याचं तिला काही वाटत नाही. "नाव काय चाटायचंय?" म्हणते. तिला हवी होती एक खोली, आणि त्या खोलीला आतून लागणारी कडी.

मावशीचा जन्म गेला इस्पितळाच्या कपडेखान्यात. चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे झगे, पाळण्यातल्या पोरांची दुपटी. घड्या घालणारी मुलगी म्हणून लागली आणि खात्याची मुख्य म्हणून बाहेर पडली. वाफेनं तिच्या हातांची कातडी कायमची सुरकुतली होती आणि जीभ मात्र इस्त्री केल्यासारखी कडक झाली होती. डॉक्टरसुद्धा तिला वचकून असत. एकदा एका मोठ्या सर्जननं झग्याच्या बाहीला नाक पुसलं, तर सगळ्या वॉर्डासमोर म्हणाली, "डॉक्टर, आईला सांगून घरून रुमाल आणत जा." सर्जनचं वय तेव्हा पन्नाशीचं.

या बाईच्या आयुष्यात दार नव्हतं. लहानपणी पाच भावंडं एका खोलीत. नोकरी लागली तेव्हा नर्सांच्या वसतिगृहात चौघींत एक खोली. एक दात खायची, दुसरी मोठ्यानं प्रार्थना करायची, तिसरी भलतीशीच लग्न करून बसलेल्या कुणासाठी तरी रडायची. "तिघींपैकी दात खाणारी बरी होती," मावशी म्हणते, "तिला निदान आपण काय करतो ते माहीत नव्हतं." आईवडील गेल्यावर ती मामाच्या घरी राहायला आली. तिथे पुढच्या खोलीत कपाटाच्या आड तिची खाट. कपाटाच्या अलीकडे टीव्ही, पलीकडे मावशी. येणाराजाणारा त्या खाटेवर टेकायचा.

"माझ्या खाटेवर बसून अख्ख्या खानदानानं बूट घातलेत," ती म्हणायची. "देवानं मला माणूस केलं की बाकडं, तेच कळत नाही."

लग्न का केलं नाहीस, असं कुणी विचारलं की म्हणायची, "या खोलीतून उठून दुसऱ्याच्या खोलीत जायचं. त्यात काय मोठं?"

आईनं तिला एकदा विचारलं होतं, "समज, मिळाली तुला वेगळी खोली. आत बसून करशील काय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. तेच करायचंय गं मला."

मग इस्पितळाची जुनी इमारत पाडली. साथीच्या रोग्यांना वेगळं ठेवायचे, तो वॉर्ड होता त्यात. मावशीनं तिथलं एक दार चौकटीसकट भंगारवाल्याच्या तोंडातून काढून घेतलं. जाड लाकडाचं, वर डोळ्यांच्या उंचीला काचेची तावदानी खिडकी, तिच्यावर पांढरा रंग फासलेला आणि आतल्या बाजूला पितळेची मनगटाएवढी जाड कडी. हातगाडीवरून ते घरी आलं तेव्हा मामी दारातच उभी.

"वन्सं, हे काय धूड आणलंत?"

"दार आहे."

"दिसतंय मला. आपल्याला दारं आहेत की."

"तुम्हाला आहेत," मावशी म्हणाली.

ते दार परसात भिंतीला टेकून राहिलं. मामी त्याच्यावर पायपुसणी वाळत घालायची. मावशी रोज संध्याकाळी घरी आली की आधी पायपुसणी उचलायची आणि मग चपला काढायची.

आता जमिनीचं. वाटणीत मामाला घर आलं आणि मावशीला टेकडी. टेकडी म्हणजे गावाबाहेरचा खडकाळ उतार, पाणी नाही, धड वाट नाही, फुकट दिला तरी कुणी घेणार नाही असा. मामानं स्वतःच वाटणी केली होती, त्यामुळे ती न्याय्य होती. मावशीच्या मनात होतं की निवृत्त झाल्यावर तिथे एक खोली बांधायची आणि हे दार लावायचं. पण एकट्या बाईनं एकट्या टेकडीवर राहायचं म्हणजे पाणी कोण चढवणार आणि वाट कोण करणार?

त्याच सुमारास नवे पाळक आले. मेथडिस्ट पाळक म्हणजे बदलीवरचा माणूस. वार्षिक परिषदेत बिशप नेमणुका वाचतात आणि ज्याचं नाव जिथे निघेल तिथे त्यानं गाठोडं उचलून जायचं. त्यामुळे आल्या दिवसापासून त्याला एकच घाई असते, जाण्याआधी काहीतरी मागे ठेवून जायची. या पाळकांनी पहिल्याच रविवारी उपदेश केला की प्रभूसुद्धा गर्दी सोडून डोंगरावर एकटा जायचा, मग आपल्या मंडळीला एकांताची जागा नको का?

मावशी बाकावर ताठ बसली. उभ्या आयुष्यात गर्दी सोडायची गोष्ट करणारा माणूस तिला पहिल्यांदाच भेटत होता. कुणाच्या गोड बोलण्याला ती कधी फसली नाही. उपदेशाला फसली.

पुढच्याच आठवड्यात ती चर्चमागच्या खोलीत समितीपुढे उभी राहिली. समिती म्हणजे पाळक, दोन डुलक्या घेणारे वडील, म्हणजे मंडळीतले ज्येष्ठ, आणि सेक्रेटरी. सेक्रेटरींना सगळे मागून ठरावकाका म्हणायचे. टेलिफोनच्या ऑफिसातून निवृत्त झालेला हा गृहस्थ ठराव केल्याशिवाय खिडकीसुद्धा उघडत नसे. एकदा सभेत पंखा पडायला आला होता, तेव्हा खाली बसलेल्यांनी उठावं की नाही यावर त्यांनी मत मागितलं होतं.

"टेकडी घ्या," मावशी म्हणाली. "मला एक खोली द्या, मरेपर्यंत. दार माझ्याकडे आहे. तुम्ही फक्त भिंती द्या."

"दार आहे म्हणजे?" ठरावकाकांनी विचारलं.

"म्हणजे दार आहे. उघडतं, लागतं, तसं."

सगळे हसले. पाळकांचे डोळे भरून आले. त्यांचे लवकर भरायचे. "भगिनी, तुमची खोली पहिली बांधू."

"पहिली नको. शेवटची बांधा. टोकाची."

जमिनीचे कागद झाले. खोलीचा कागद झाला नाही. आईनं ते ऐकल्यावर कपाळाला हात लावला.

"अगं ताई, लिहून का नाही घेतलंस?"

"देवाच्या माणसांकडून लिहून घ्यायचं?"

"देवाच्या माणसांकडून आधी घ्यायचं!"

दुसऱ्या कुणी असा व्यवहार केला असता तर मावशीनं त्याची वर्षभर चामडी सोलली असती.

शिबिराची स्थापना झाली ती अशी. शहाणा माणूस आधी उतार मोजतो, पाणी कुठून येईल ते बघतो, मग नकाशा काढतो, मग पाया खणतो आणि दगड बसवायचाच असेल तर त्या पायात बसवतो. आमच्या मंडळीनं आधी दगड कोरून घेतला. मग तो ठेवायला जागा शोधली. फाटकाजवळची सापडली, कारण तिथपर्यंत मोटार जात होती आणि पाळकांच्या पत्नीचे गुडघे दुखत होते. व्यासपीठ नव्हतं म्हणून ठरावकाकांनी मामाच्या परसातून मावशीचं दार मागवून घेतलं, विटांवर आडवं ठेवलं आणि वर पांढरी चादर अंथरली. पाळक बुटांसकट त्यावर उभे राहिले आणि एकांतावर अर्धा प्रहर बोलले. दर वेळी त्यांनी आवेशात टाच आपटली की पहिल्या रांगेत मावशीची मान आखडायची. दगडावर हात ठेवून अर्पणाची प्रार्थना झाली, टाळ्या झाल्या. पुढच्या परिषदेत पाळकांचं नाव दूरच्या गावी निघालं आणि ते गेले. दगड राहिला.

दुसरे पाळक गाणारे होते. त्यांना पहिली जागा आवडली नाही. खोलगट आहे, आवाज घुमत नाही, म्हणाले. सभागृह वर हवं. मग खालच्या दगडाचं काय करायचं? उचलून वर न्यावा, असं एका डुलक्या घेणाऱ्या वडिलांनी जागं होऊन सुचवलं. ठरावकाका उभे राहिले.

"अर्पण झालेली वस्तू हलवायची? उद्या म्हणाल वेदी हलवा. उद्या म्हणाल क्रूस काढून खुंटीला टोपी अडकवा."

कुणी तसं म्हणालं नव्हतं. पण ठराव झाला: प्रार्थनेनं अर्पण केलेली कुठलीही वस्तू अर्पण केली त्या जागेवरून हलवू नये. आणि लगेच दुसरा दगड कोरायला दिला.

त्या समारंभाला दारावर जेवणाची पातेली मांडली. चुलीवरून उतरलेली, खाली काही न ठेवता. दारावर दोन काळी वर्तुळं उमटली. जेवणं उरकली तशी मावशीनं हातगाडीवाला बोलावला, उरलेला रस्सा दारावरून पदरानं पुसला आणि दार परत घरी आणलं.

"वन्सं, परत आलं का हे?" मामी म्हणाली.

"आलं. तुमची पायपुसणी वाट बघत होती त्याची."

गाणाऱ्या पाळकांच्या काळात भिंत एकही उठली नाही, पण कर्णा आला. एकांतशिबिराची पहिली वस्तू म्हणजे कर्णा, हे मी बनवून सांगत नाही. टेकडीवर मांडव घालून मौनाचा दिवस ठेवला. सकाळी ठरावकाकांनी कर्ण्यावरून जाहीर केलं की मौन सुरू होत आहे. मग थोड्या थोड्या वेळानं जाहीर करत राहिले की मौन चालू आहे. मधे एकदा हरवलेल्या डब्याच्या झाकणाची सूचना झाली. शेवटी मौन कसं वाटलं यावर एकेकाच्या उठून साक्षी झाल्या आणि साक्षी मौनापेक्षा लांबल्या. मावशी एका खडकामागे जाऊन बसली होती. तिथे तिला महिला संघाच्या अध्यक्षीणबाईंनी शोधून काढलं.

"एकट्याच का बसलात? या ना, सगळ्यांत या!"

"बाई, आज तोंड बंद ठेवायचंय असं सांगितलंय."

"हो ना, किती छान वाटतंय नाही? मी तर आमच्या ह्यांना म्हटलं," असं म्हणून त्या तिच्या शेजारीच बसल्या आणि मौन संपेपर्यंत उठल्या नाहीत.

तरी मावशी थांबली. नकाशात तिची खोली होती. पहिल्या नकाशात टोकाला होती. दुसऱ्यात ती स्वयंपाकघराच्या मागे आली आणि तिच्यावर 'खोली व सामान' असं लिहिलं गेलं. गाणारे पाळकही बदलून गेले. तिसरे आले ते तरुण, चटपटीत, कामाचे. आधी त्यांनी तिसरा दगड बसवला, झोपायच्या खोल्या जिथे येणार होत्या तिथे. मग पाण्याचा नळ तिथपर्यंतच पोचतो असं निघालं, म्हणून तिथे न्हाणीघर आलं. तेवढं सोडलं तर या पाळकांनी खरंच बांधकाम केलं. सभागृह उभं राहिलं, दुसऱ्या दगडाला वळसा घालून, कारण दुसऱ्याच्या दगडावर आपली भिंत कशी चढवायची? छपराचं पाणी थेट सभागृहाच्या पायरीवर पडतं आणि सांडपाण्याची टाकी पिण्याच्या हौदाच्या वरच्या अंगाला आहे, पण वर्गणीदारांना दाखवायला भिंती झाल्या.

तिसऱ्या नकाशात मावशीची खोली नव्हती. त्या जागी 'पाळक विश्रामगृह' होतं.

मावशीला तेव्हा निवृत्त होऊन वर्ष उलटलं होतं. पूर्वी दिवसभर तरी ती कपडेखान्यात असे. आता पूर्ण दिवस कपाटाच्या आड. त्यात मामाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि घरात कुजबुज सुरू झाली की पुढच्या खोलीतली खाट आता स्वयंपाकघरात हलवावी लागेल. मामी गोड आवाजात म्हणाली, "वन्सं, तिथे ऊब असते." तिथे तर दाराला चौकटसुद्धा नव्हती.

मावशी सरळ ठरावकाकांच्या घरी गेली. आई सोबत होती, तिच्याकडून हे जसंच्या तसं कळलं.

"सेक्रेटरीसाहेब, माझी खोली कुठे गेली?"

"भगिनी, नकाशा बदलला."

"शब्द दिला होता पाळकांनी. तुमच्यासमोर."

"त्या पाळकांनी. ते बदलून गेले. त्यांचा शब्द त्यांच्याबरोबर गेला."

"आणि त्यांचा दगड? तो नाही गेला त्यांच्याबरोबर?"

"दगड अर्पण झालेला आहे, बाई," ठरावकाका समजूत घालायच्या सुरात म्हणाले. "त्याला बिशपसुद्धा हात लावू शकत नाही. शब्द काय, बोलण्यातली गोष्ट."

मावशी म्हणाली, "बरं झालं सांगितलंत." आणि उठली. आई सांगते, जिना उतरताना ताई चक्क गुणगुणत होती.

सभागृहाच्या उद्घाटनाला बिशप येणार होते. मावशी आपणहून महिला संघात गेली आणि म्हणाली, बिशपसाहेबांच्या झग्याची इस्त्री आणि देखभाल माझ्याकडे. कुणाला शंका येणार? उलट अध्यक्षीणबाईंना वाटलं, बाईचा राग निवळला.

मग तिनं गवंड्याला गाठलं. सभागृह बांधणारा हाच. कामात आळशी, बोलण्यात तरबेज. त्याची आई कधीकाळी इस्पितळात होती तेव्हा मावशीनं तिला रोज धुतलेली चादर दिली होती आणि ते त्याला विसरू देत नव्हती.

"टोकाला, त्या वाकड्या झाडापाशी हे दार उभं करायचं. चौकट पक्की गाडायची, सिमेंटमध्ये."

गवंड्यानं डोकं खाजवलं. "भिंत कुठंय?"

"भिंत नंतर."

"मावशी, भिंतीत दार बसवतात. दारात भिंत नाही बसवत."

"तू दार उभं कर. भिंती देव देईल."

"देव भिंती देत नाही. मजूर देतात, तेसुद्धा आगाऊ घेऊन."

"तुझ्या आईची चादर..."

"उभं करतो, उभं करतो."

त्यानं उभं केलं. ओळंबा लावायचा त्याला कंटाळा, आणि उतारावर काटकोन धरणं म्हणजे त्याच्या दृष्टीनं चैन. दार जरा तिरकंच उभं राहिलं, झाडाकडे पाठ करून. उद्घाटनाच्या सकाळी लोकांनी बघितलं तर टेकडीच्या टोकाला, आजूबाजूला काही नाही, आणि मधेच एक दार. पातेल्यांचे डाग तसेच, पितळेची कडी घासून लख्ख केलेली. कुणाला वाटलं स्वागताची कमान आहे. ठरावकाकांना वाटलं पाळकांनी लावलं. पाळकांना वाटलं ठरावकाकांनी लावलं. आमच्या समितीत एकमेकांना विचारायची पद्धत नाही.

बिशप म्हातारे, भले आणि थकलेले होते. त्यांच्यासमोर जे ठेवाल त्यावर ते प्रार्थना करत. वाटेत त्यांच्याकडून एका नव्या मोटारीवर आणि पाण्याच्या पंपावर प्रार्थना करून घेतली गेलीच होती. सभागृहाची फीत कापून झाली. बाहेर आल्यावर मावशीनं मागून त्यांच्या झग्याचा घेर उचलून धरला.

"चिखल आहे, साहेब. इकडून या."

चिखल नव्हता. पण झगा तिच्या हातात होता आणि ती चालेल तिकडे बिशपांना चालणं भाग होतं. मागून पाळक, ठरावकाका आणि सगळी मंडळी, कार्यक्रमात असेलच काहीतरी अशा समजुतीनं.

दारापाशी बिशप थांबले. "हे काय?"

"दार, साहेब."

"कशाचं?"

"एकांताचं," मावशी म्हणाली. "अर्पण करायचं राहिलंय."

बिशपांचा चेहरा उजळला. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांना काहीतरी वेगळं मिळालं होतं. शास्त्रात दारं पुष्कळ, आणि त्यांना ती सगळी पाठ होती. अरुंद दार, ठोठावलेलं दार, लावून घेतलेलं दार, एकही सोडलं नाही. दोन्ही हात त्या डागाळलेल्या लाकडावर ठेवून त्यांनी ते दार ज्या जागी उभं आहे त्या जागी, पिढ्यान्‌पिढ्या, अर्पण केलं. सगळी मंडळी "आमेन" म्हणाली. सर्वांत मोठ्यानं ठरावकाका म्हणाले, सवयीनं. आणि मग त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

बिशप गेल्यावर समिती दाराभोवती उभी राहिली.

"काढून टाकू," पाळक म्हणाले.

"काढा की," मावशी म्हणाली. "ठराव काय आहे, सेक्रेटरीसाहेब? जरा वाचून दाखवा पाळकांना. ते नवीन आहेत."

ठरावकाका घाम पुसत राहिले. स्वतःचा ठराव मोडणं म्हणजे त्यांच्या दृष्टीनं स्वतःची कबर खणणं. दुसरीकडे, वर्गणीदार येणार, फोटो काढणार आणि विचारणार की हे दार कुठे जातं? नुसतं दार ठेवणं बरं दिसेना, काढणं शक्य नव्हतं. राहिला एकच मार्ग. पाळक विश्रामगृहाच्या विटा टोकाला गेल्या आणि गवंड्यानं दाराच्या मागे खोली बांधली. दार तिरकं, म्हणून खोलीही तिरकी. आत उभं राहिलं की बोटीत बसल्यासारखं वाटतं. मामाच्या मुलाच्या लग्नाआधी आठवडाभर मावशीची खाट हातगाडीवरून वर गेली. मामीनं डोळ्याला पदर लावला आणि खाटेच्या जागी लगेच सोफा.

पण ठरावकाका हार मानणारे नव्हते. त्यांनी दारावर पाटी ठोकली: 'प्रार्थनाकक्ष. सर्वांसाठी खुला.' अर्पण केलेली वस्तू प्रभूची आणि प्रभूची ती मंडळीची, असा त्यांचा हिशेब. पहिलं एकांतशिबिर भरलं तेव्हा पंधरा-वीस माणसं रांगेनं घेऊन ते टोकाला आले, गळ्यात शिट्टी, हातात कर्णा. दार बंद होतं. ढकललं. आतून कडी.

"भगिनी, दार उघडा. मंडळी आलीये."

"कशाला?"

"एकांतात प्रार्थना करायला."

"वीस जण?" आतून आवाज आला. "एकांत कशाला म्हणता, बाजारच म्हणा की."

कुणीतरी मागे खुसकन हसलं. ठरावकाकांनी घसा साफ केला. "भगिनी, ही खोली प्रभूला अर्पण झालेली आहे. ती एकट्या माणसाची नाही."

"माहितीय. प्रभू आत आहे. त्याची काही तक्रार नाही."

यावर ठराव काय करायचा, ते अजून त्यांना सुचलेलं नाही. रांग थोडा वेळ उन्हात उभी राहिली, मग दोघी-तिघी झाडाखाली बसल्या, मग बाकीचेही पांगले. एकेकटे, वेगवेगळ्या खडकांवर, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून गप्प. ठरावकाकांनी कर्ण्यावरून मौन जाहीर करायला तोंड उघडलं आणि बघितलं तर ते आधीच सुरू झालेलं.

परवा आई तिच्यासाठी डबा घेऊन वर गेली. चढून धाप लागलेली. दार ठोठावलं.

"ताई, मी आहे."

"ठेव पायरीवर."

"अगं, आत तरी घे. कशी आहेस?"

"खिडकी चुकीच्या बाजूला ठेवलीय त्या गाढवानं. सकाळी डोळ्यांवर ऊन येतं. जमीन तिरकी, पाण्याचा पेला ठेवला की सरकतो. भिंतीला ओल आहे."

"मग परत ये खाली."

आत खाट करकरली, कुणीतरी कूस बदलल्यासारखी.

"डब्यावर झाकण घट्ट लाव," मावशी म्हणाली, "मुंग्या येतात."

आईनं झाकण घट्ट लावलं, डबा पायरीवर ठेवला आणि चपला शोधू लागली. ताई आत घेईल या भरवशावर तिनं त्या ठोठावायच्या आधीच दाराबाहेर काढून ठेवल्या होत्या.